घरात असं कुणी नाही

९ मार्च, शनिवार

"डावीकडे. अजून खाली," खारू उशीत तोंड खुपसून म्हणाली. मी हात खोलगट करून तिच्या पाठीवर थापटत होते, तेवढ्यात फोन वाजला. थांबलं की ती कुरकुरते, म्हणून एका हाताने थापटत राहिले आणि दुसऱ्याने फोन कानाला लावला. दवाखान्यातली समुपदेशक बाई होती. तुमच्यात तो बदल सापडला, म्हणाली. तुमच्या बहिणीत आहे तोच.

"मावशी, ताल चुकतोय."

"हो गं बाई."

ताई ओट्याशी वाफेच्या यंत्राच्या नळ्या गरम पाण्यातून काढत होती. तिने माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. "तुझ्यातही आहे ना?"

मी मान हलवली.

"आईने दागिने देताना भेदभाव केला," ती म्हणाली, "पण हे मात्र दोघींना सारखं वाटलं."

दोष एकाच बाजूने आला तर माणूस ठणठणीत राहतो आणि नुसता पुढे नेतो. त्याला वाहक म्हणतात. दोन्ही बाजूंनी आला की खारूला आहे तो आजार होतो, सिस्टिक फायब्रोसिस. छातीत चिकट कफ साठतो, तो रोज थापटून सुटा करावा लागतो. जेवणाबरोबर गोळ्या घेतल्या नाहीत तर खाल्लेलं अंगी लागत नाही. ताई वाहक आणि तिचा नवरा वाहक, हे दोघांना ठाऊक नव्हतं. तान्ह्या मुलीचा पापा खारट लागतो म्हणून तिच्या बाबांनी तिला खारू म्हणायला सुरुवात केली. तेव्हा सगळे हसायचे. निदान झाल्यावर ते नाव बदलायचं ठरलं, पण तोवर ती त्याच नावाला ओ देऊ लागली होती. आता नऊ वर्षांची आहे.

"तुझ्या नवऱ्याची तपासणी करून घे," ताई म्हणाली. "त्याच्यात नसलं तर सुटलात. घाई नाही ना काही?"

"छे," मी म्हणाले.

दिवस राहिलेत हे अजून फक्त ह्याला माहीत आहे.

१० मार्च, रविवार

ह्याला सकाळी सांगितलं. हा इमारतींच्या लिफ्ट तपासतो. तपासून झालं की आत प्रमाणपत्र चिकटवतो, आणि चिकटवल्यावर ती लिफ्ट त्याच्या डोक्यातून जाते. मला त्याचा तो स्वभाव आवडतो.

"माझं बघायच्या आधीच रडायला लागलीस?" तो म्हणाला. "आमच्या घरात कुणाला काही नाही. बाबा गेले तेसुद्धा शिडीवरून पडून. दादाचं हर्नियाचं ऑपरेशन सोडलं तर आम्ही दवाखान्याची पायरी चढलेलो नाही. तेव्हाही बाहेर मीच बसलो होतो. मला ठाऊक आहे सगळं."

"तुझ्या दादांना तर बारा महिने सर्दी."

"ती सर्दी नाही, तो स्वभाव आहे."

मी हसले. तो हसला नाही. चहा निवला होता.

१४ मार्च, गुरुवार

समुपदेशक बाईंची खोली लहान आहे. खिडकीतून सायकली लावायची जागा दिसते. त्यांनी एका कागदावर दोन्ही घरं काढली. पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ. खारूचं वर्तुळ पूर्ण काळं केलं, ताईचं अर्धं, माझं अर्धं. माझ्या आत एक बारीक त्रिकोण काढला, तो बाळाचा.

मग ह्याच्या बाजूला वळल्या. "तुमचे मोठे भाऊ. त्यांना मुलं?"

"नाहीत."

"नकोत म्हणून, की होत नाहीत?"

"वहिनींना प्रॉब्लेम आहे," हा म्हणाला.

तेच आहे. सासूबाई येता-जाता जाऊबाईंना त्यावरून बोलतात.

"लहानपणी छातीच्या विकाराने गेलेलं मूल? किंवा असा पुरुष, ज्याच्यात दोष असल्यामुळे मूल झालं नाही?"

"नाही. घरात असं कुणी नाही."

बाईंचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. कामाच्या माणसाला चौकशा आवडत नाहीत. मी विचारलं, पुरुषांचं कशाला विचारता? त्या म्हणाल्या, "काही वेळा ह्याच जीनमधला बिघाड फुफ्फुसांना फारसा हात लावत नाही, पण पुरुषात नळ्या..." तेवढ्यात ह्याचा फोन वाजला. कुठेतरी लिफ्टमध्ये माणूस अडकला होता. हा बोलत बाहेर गेला आणि बाईंचं वाक्य तसंच राहिलं.

तो परत आल्यावर त्यांनी तपासणीचं सांगितलं. जे बदल जास्त करून आढळतात तेवढेच पाहतात. ते नाहीत म्हणजे धोका कमी झाला, गेला असं नाही. घरात काही खूण असेल तर मात्र सगळा जीन वाचायला पाठवतात. त्याला महिनाभर लागतो.

"खूण नाही," हा म्हणाला. "साधी करा. शेवटी प्रमाणपत्र मिळतं ना?"

"अहवाल मिळतो."

"तेच ते."

१८ मार्च, सोमवार

कवळ्यांच्या कारखान्यात ॲक्रिलिकच्या द्रवाचा वास सहन होईना. मी तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. परत आले तर पॉलिशवाल्या काकूंनी माझ्या पुढची बाटली उचलून पलीकडच्या टेबलावर नेली होती.

"तू आजपासून प्लास्टरवर," त्या म्हणाल्या. "मालकांना मी सांगते. काय सांगू ते मात्र तू सांग."

"पित्त झालंय म्हणून सांगा."

"हं. माझ्याही दोन्ही पित्तांची आता लग्नं झाली."

दिवसभर जबड्यांचे साचे ओतले. ठसा घेताना दवाखान्यात हवेचा बुडबुडा राहिला की तिथे प्लास्टरचा फोड येतो. तो खरवडून काढावा लागतो. मग खाली खरी हिरडी कशी होती ते अंदाजाने. कवळी बसते. कधीकधी टोचते.

२७ मार्च, बुधवार

आलं. "तपासलेले बदल आढळले नाहीत."

ह्याने ते मोठ्याने वाचलं आणि कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकला. मग मला उचलायला आला. मी म्हटलं, अरे आता उचलू नकोस. मग दोघेही हसलो.

ताईला फोन करून दोन्ही बातम्या एकदम दिल्या. ती म्हणाली, "लबाड. घाई नाही म्हणालीस." मग रडली. "सुटलात गं," एवढं तीन-चार वेळा म्हणाली. फोन ठेवल्यावर मला वाटलं, हे तिला कसं ऐकू गेलं असेल.

३१ मार्च, रविवार

ह्याच्या घरी सगळ्यांना सांगितलं. टेबलाला पाच खुर्च्या आणि माणसंही पाचच, तरी गर्दी वाटली. सासूबाईंनी माझ्या गालाला हात लावला आणि जाऊबाईंकडे न बघता म्हणाल्या, "चला, एकीकडून तरी पाळणा हलला. नाहीतर मी म्हणत होते, आमच्या नशिबात दोन सुना आणि शून्य."

"आई, वरण वाढू?" जाऊबाई म्हणाल्या.

"वाढ. तेवढं येतं तुला."

मोठे दीर जेवत राहिले. ते तोंड उघडं ठेवून श्वास घेतात, नाक बंद असतं म्हणून. मध्येच खोकला आला, उठून न्हाणीघरात गेले. बराच वेळ खोकत होते. ह्याने मान वर केली नाही. जाऊबाई पाण्याचा पेला घेऊन दारापाशी उभ्या राहिल्या.

येताना मी म्हटलं, तू आईंना काहीतरी बोलायला हवं होतंस.

"काय बोलू?" तो म्हणाला.

"वहिनींचा काय दोष? देवाने नाही दिलं तर."

"सोड ना तो विषय." गाडी त्याने नको तितक्या जोरात वळवली.

२ एप्रिल, मंगळवार

दोन पँटी कमरेत सैल करून घ्यायला जाऊबाईंकडे गेले. त्यांच्या शिवणाच्या खोलीत एक मशीन, एक उंच आरसा आणि भिंतीला लोकांचे अर्धवट कोट. मी स्टुलावर उभी होते आणि त्या तोंडात टाचण्या धरून माझ्या कमरेभोवती फिरत होत्या.

"परवाचं मनावर घेऊ नका, वहिनी," मी म्हटलं. "आईंची जीभ तशी आहे."

त्यांनी एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या आणि उशीला टोचल्या.

"तुला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "पोटात ठेव. माझ्यात काही नाही. सगळ्या तपासण्या झाल्यात माझ्या. दोष ह्यांच्यात आहे."

मी स्टुलावरून उतरले.

"ते हर्निया होतं ना, ते हर्निया नव्हतं. आत बघायला म्हणून उघडलं होतं. डॉक्टर म्हणाले, बाकी सगळं आहे, पण बीज बाहेर आणणाऱ्या नळ्याच नाहीत. जन्मापासून. ह्यांनी तीन दिवस भिंतीकडे तोंड केलं होतं. म्हणाले, आईला कळलं तर मी ह्या घरात राहणार नाही, कुठेच राहणार नाही. मी म्हटलं, माझ्यावर घाला. मी जाड कातडीची आहे."

"आणि आईंचं बोलणं?"

"ऐकून घेते. शिवता शिवता ऐकलं की टाका चुकत नाही." त्या हसल्या. "कुणालाही माहीत नाही. आम्ही दोघं आणि आता तू."

म्हणजे ह्याला अजून हर्नियाच वाटतो. बाहेर बाकावर बसून राहिला, डबा नेऊन दिला, आणि सख्ख्या भावाने पत्ता लागू दिला नाही. बिचारा. त्याला कळलं तर फार लागेल. मी बोलणार नाही.

३ एप्रिल, बुधवार

कामावर मेण वितळवताना तो शब्द आठवला. नळ्या. समुपदेशक बाई तिथेच थांबल्या होत्या.

नळ्या नसण्याची शंभर कारणं असू शकतील.

मेण उतू गेलं.

४ एप्रिल, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून फोन केला. सहज विचारते म्हटलं. त्या दिवशी तुम्ही पुरुषांच्या नळ्यांचं काय सांगत होतात?

"ज्या पुरुषांना जन्मतःच त्या नळ्या नसतात," बाई म्हणाल्या, "त्यांच्यातल्या पुष्कळांत हाच जीन बिघडलेला निघतो. आणि बरेचदा वेगळे, कमी आढळणारे बदल असतात. आपल्या साध्या तपासणीत न येणारे. अशा माणसाच्या भावंडांतही ते असू शकतात. का विचारलंत?"

"सहजच."

"सहज कुणी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "सांगण्यासारखं काही असेल तर लवकर सांगा. बाळाची तपासणी ठरलेल्या आठवड्यांतच होते. आणि बापाकडून काय येऊ शकतं हे कळल्याशिवाय आम्ही चाचपडत राहणार."

वरून पॉलिशवाल्या काकूंनी हाक मारली. मी ठेवते म्हटलं.

फ्रिजवरचा कागद पुन्हा वाचला. "तपासलेले." पहिल्यांदा वाचताना ह्याने तो शब्द गाळला होता. की मी ऐकला नव्हता?

६ एप्रिल, शनिवार

खारूला दवाखान्यात ठेवलंय. जंतू नवा आहे, जुन्या औषधाला दाद देत नाही. आत जायच्या आधी हात धुऊन तोंडावर मास्क लावावा लागतो. ती पलंगावर बसून चित्रातल्या घोड्याला हिरवा रंग देत होती. हाताला सुई होती, म्हणून डाव्या हाताने.

"मावशी, तुझ्या बाळाला माझं होणार नाही, असं आई म्हणाली."

"हो."

"नक्की?"

ताई खिडकीशी होती. मी म्हटलं, नक्की कसं सांगणार?

"झालं तर मला चालेल," खारू म्हणाली. "मला सोबत होईल. मी त्याला गोळ्या गिळायला शिकवीन. दह्यातून जातात." मग घोड्याचे खूर रंगवत राहिली. "पण झालं तर तुम्ही त्याला आणणार नाही ना?"

"कोण म्हणालं तुला?"

"तुम्ही दोघी फोनवर बोलता तेव्हा मी झोपलेली नसते."

बाहेर आल्यावर ताई मला एका कोपऱ्यात घेऊन गेली. "सोबत कसली होणार?" ती म्हणाली. "तुझं तसं निघालं तर दोघांना एका खोलीत बसवता येणार नाही. एकमेकांचे जंतू लागतात. ह्या मजल्यावर तशी चार मुलं आहेत. चारी दारं बंद. ती एकमेकांना काचेतून हात करतात."

मी तिला विचारलं, जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं. आधी कळलं असतं तर?

"ती नसती तर बरं झालं असतं असं मला एक दिवसही वाटलं नाही," ताई म्हणाली. "आणि तुझ्या वाट्याला हे यावं असंही वाटत नाही. दोन्ही खरं आहे, आता काय करू? मला फक्त कळायला हवं होतं. मग मी काय केलं असतं ते माझं मी पाहिलं असतं." तिने डोळे पुसले आणि माझा हात धरला. "तुझं तोंड असं का झालंय? तुम्ही तर सुटलात ना?"

मी तिला दिरांचं सांगितलं नाही. शब्द दिलाय.

८ एप्रिल, सोमवार

पँटी आणायच्या निमित्ताने पुन्हा जाऊबाईंकडे गेले. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. भाऊजींमध्ये जे आहे ते माझ्या नवऱ्यातही असू शकतं. माझ्यात आहेच. म्हणजे खारू. बाईंना एवढंच सांगायचं आहे की घरात असा माणूस आहे. मग ते सगळा जीन वाचतील.

त्यांनी मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं होतं.

"कागदावर येईल," त्या म्हणाल्या.

"दवाखान्यातल्या कागदावर. आईंना कोण दाखवणार?"

"तुझा नवरा विचारील, कोणी सांगितलं. मग भावाला विचारील. मग हे." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे दीर होते, खोकल्याचा आवाज येत होता. "ह्यांना कसं धरून ठेवलंय ते माझं मला ठाऊक. अकरा वर्षं मी वांझ म्हणवून घेतलं. तुला नऊ महिने गप्प बसवत नाही?"

"नऊ महिन्यांनी कळून काय उपयोग, वहिनी?"

त्यांनी पँटी घडी करून पिशवीत घातल्या. कमरेत भरपूर माया ठेवली आहे, म्हणाल्या, शेवटपर्यंत पुरेल.

दारापर्यंत आल्या नाहीत.

९ एप्रिल, मंगळवार

ह्याच्याशी बोलायचं ठरवलं. दिरांचं नाव न घेता. हा कामावरून लवकर आला होता आणि बाल्कनीत कपडे काढत होता. मी म्हटलं, तुझी ती मोठी तपासणी करून टाकू. सगळ्या जीनची.

"कशाला? कागद आहे ना."

"माझ्या समाधानासाठी."

चिमटे एका हातात जमा करत तो थांबला. "कुणी काही बोललं का तुला?"

"नाही."

"वहिनी?"

वहिनींचं नाव एकदम कसं काढलं कळलं नाही. काल पँटी आणल्या म्हणून असेल. मी म्हटलं, वहिनी कशाला बोलतील? खारूला असं पाहिलं, मन था‍ऱ्यावर नाही, एवढंच.

तो कठड्याशी गेला. खालच्या रस्त्यावर एक माणूस मालाची गाडी मागे घेत होता आणि दुसरा त्याला चुकीच्या बाजूने हात दाखवत होता. हा ते बघत होता की नाही, सांगता येत नाही.

"महिना लागतो ना त्याला?" त्याने विचारलं.

"हो. म्हणून लगेच करायला हवी."

"आधी का नाही म्हणालीस?" मग स्वतःच म्हणाला, "नाही, तुझं नाही." कपडे खुर्चीवर टाकले. "उद्या सकाळी जाऊ. नाव नोंदव."

मी लगेच फोन करून नोंदवलं. केवढं ओझं उतरलं. जाऊबाईंना दिलेला शब्द राहिला, दिरांचं घर शाबूत राहिलं आणि ह्याला काही कळलंही नाही. हा मला एक प्रश्न जास्त न विचारता तयार झाला. असा माणूस मिळायला नशीब लागतं.

जेवण झाल्यावर तो, जरा फिरून येतो, म्हणून बाहेर पडला.

१० एप्रिल, बुधवार

सकाळी जाग आली तेव्हा त्याची बाजू रिकामी होती. उशी तशीच फुगलेली. फोन लागत नव्हता. एखादी लिफ्ट अडकली असेल म्हणून मी एकटीच निघाले.

रक्त घेतात त्या खोलीबाहेर बाकावर बसले. मुलीने त्याचं नाव पुकारलं, कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा जिन्यातून हा आला आणि त्याच्या मागून मोठे दीर. ह्याच्या अंगावर कालचेच कपडे होते, दिरांचेही चुरगळलेले. दिरांचे डोळे सुजलेले होते. ह्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो खुर्चीपर्यंत गेला, बाजूला सरकून उभा राहिला आणि खुर्चीत दीर बसले. शर्टाची बाही वर करताना त्यांना बटण सापडेना, ते ह्याने काढून दिलं.

"आधी माझं घ्या," दीर म्हणाले.

"पण नाव ह्यांचं नाही," मुलगी म्हणाली.

"मी मोठा भाऊ."

तिने समुपदेशक बाईंना बोलावलं. त्या आल्या, दिरांकडे पाहिलं, ह्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सही केली. दिरांचं रक्त घेतलं, मग ह्याचं. दिरांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. जाऊबाईंनीच सांगितलं असणार.

अहवाल कधी येईल म्हणून मी विचारलं. मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान वर उचललं, माझ्या पोटाकडे बघितलं आणि पान खाली सोडलं.